कंबर, खुबा की एसआय जॉइंट? हातांनी करायच्या तपासण्या, क्रमाने

रुग्ण ‘खुबा दुखतो’ म्हणाला की आधी त्याला दुखतं तिथे स्वतःचं बोट ठेवायला सांगा. कुणी जांघेत बोट ठेवतं, कुणी मांडीच्या वर बाहेरच्या बाजूला लागणाऱ्या हाडावर, कुणी पट्ट्याच्या रेषेत थेट मणक्यावर, तर कुणी कमरेवरच्या खळीच्या जरा खाली, कुल्ल्याच्या आतल्या कडेला. बोलण्यात या चारही जागांना ‘खुबा’ नाहीतर ‘कंबर’ म्हणतात, पण चारही दुखणी निराळी. हा लेख चौथ्या जागेबद्दल आहे, म्हणजे त्रिकास्थी आणि कटीचं हाड जिथे जोडली जातात त्या सॅक्रोइलियाक सांध्याबद्दल. दवाखान्यात सगळे त्याला एसआय जॉइंट म्हणतात, इथेही तेच म्हणू. फिजिओथेरपीचे इंटर्न, तरुण डॉक्टर आणि रोज कंबरदुखी पाहणारे फॅमिली डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. घरी एकमेकांवर करून पाहण्याच्या या तपासण्या नव्हेत.

पाचव्या लंबर (कमरेच्या) मणक्याच्या खालच्या जुनाट दुखण्यात साधारण १५ ते ३० टक्के रुग्णांत मूळ या सांध्यात सापडतं. म्हणजे सत्तर ते पंच्याऐंशी टक्क्यांत ते दुसरीकडे असतं. पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर उभा आहे, म्हणून तो लक्षात असू द्या.

हालचाल का मोजायची नाही

हा सांधा जवळजवळ हलतच नाही. स्वीडनमध्ये १९८९ साली हाडांत बारीक धातूचे मणी बसवून एक्स-रेने मोजणी झाली. त्यात फिरण्याची हालचाल सरासरी २.५ अंश निघाली आणि सरकणं ०.७ मिलिमीटर. वर कातडी, चरबी, जाड स्नायुबंध आणि ग्लुटियस, म्हणजे कुल्ल्याचा स्नायू. एवढ्या थरांवरून अंगठ्याला अर्धा-पाऊण मिलिमीटर जाणवतो, असं म्हणणाऱ्याच्या आत्मविश्वासाचं कौतुक करावं, पण निदान त्यावर ठेवू नये. उभं राहून पुढे वाकताना दोन्ही अंगठे किती वर जातात ते पाहणं, बसून तेच करणं, किंवा गुडघा छातीकडे उचलताना पीएसआयएसची, म्हणजे कमरेच्या खळीत लागणाऱ्या हाडाच्या टोकाची, टेकडी खाली जाते का ते चाचपणं (गिलेट टेस्ट) याच जातकुळीतलं. १९९४ साली १०१ दुखणं नसलेल्या माणसांवर या तिन्ही तपासण्या केल्या, तेव्हा त्यांतल्या २० टक्क्यांत काही ना काही ‘पॉझिटिव्ह’ आलं. कुठलीही तक्रार नसलेला पाचातला एक माणूस जी तपासणी आजारी ठरवते, तिच्यावरून ‘तुमचा सांधा सरकलाय’ असं रुग्णाला सांगू नका. ते वाक्य तो वर्षानुवर्षं सोबत घेऊन फिरतो.

त्याऐवजी सांध्यावर ताण द्यायचा आणि नेहमीचं दुखणं जागं होतं का ते पाहायचं. ‘नेहमीचं’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. जोरात दाबलं की कुणालाही काहीतरी दुखतंच. तपासणी पॉझिटिव्ह तेव्हाच, जेव्हा रुग्ण म्हणतो, ‘हेच, याच्यासाठीच आलोय.’ नवीन जागी दुखलं, हाताखाली कातडी चिमटली, गुडघा वाकवल्याने गुडघाच दुखला, जांघ ओढली गेली, तर ती निगेटिव्ह. नवशिक्यांचे निम्मेअधिक खोटे पॉझिटिव्ह इथे जन्मतात, कारण ते विचारतात ‘दुखतंय का?’ विचारायचं असतं ते असं: ‘काही जाणवलं का? कुठे? हे रोजचंच दुखणं आहे की वेगळं?’

हात लावण्याआधी

विचारपूस पाच मिनिटांत होते. दुखणं एका बाजूला आहे का, पाचव्या मणक्याच्या वर जातं का, बसून उठताना कळ येते का? एका बाजूचं, वर न चढणारं आणि खुर्चीतून उठताना हमखास येणारं दुखणं असेल तर एसआय जॉइंटकडे संशय वळतो. पाय दुखतो म्हणून तो नाकारू नका. या सांध्याचं दुखणं कुल्ल्यात तर असतंच, पण निम्म्याजवळ रुग्णांत मांडीपर्यंत आणि काहींत गुडघ्याखालीही उतरतं. ‘गुडघ्याखाली गेलं म्हणजे सायटिकाच’ हा नियम इथे फसतो.

मागचा इतिहासही विचारा. कुल्ल्यावर आपटून पडणं, एक पाय टेकून उंचावरून उतरताना चुकलेला अंदाज, बाळंतपण, आणि विशेषतः मणक्याची फ्यूजनची शस्त्रक्रिया. खालचे मणके जखडले की त्यांचा भार एसआय जॉइंटवर येतो, आणि ऑपरेशननंतर वर्षा-दोन वर्षांनी ‘पूर्वीचंच परत आलं’ म्हणून येणाऱ्यांत काहींचं मूळ इथे असतं.

आता बोटाची तपासणी, म्हणजे फॉर्टिन फिंगर टेस्ट. रुग्णाला उभं करून एका बोटाने सर्वांत जास्त दुखणारी जागा दाखवायला सांगा. थोडं बोलून, चालवून पुन्हा दाखवायला सांगा. दोन्ही वेळा बोट पीएसआयएसच्या खाली-आत, साधारण सेंटिमीटरभर अंतरात पडलं तर ती खूण धरा. पूर्ण तळवा फिरवून ‘हे सगळंच’ म्हटलं तर ती खूण नाही. ही तपासणी एकटीने काही सिद्ध करत नाही, पण पुढची दहा मिनिटं कुठे खर्च करायची ते ठरवते.

काही रुग्णांत ताण द्यायच्या तपासण्या करूच नका. ताप, रात्री घाम, वजन उतरणं, पूर्वी टीबी झालेला किंवा घरात टीबीचा रुग्ण असणं, गुरं सांभाळणाऱ्या किंवा कच्चं दूध पिणाऱ्या माणसाचा चढउतार होणारा ताप: या सांध्यात क्षयाचा किंवा ब्रुसेलाचा संसर्ग होतो, आणि आपल्याकडे तो विचार यादीच्या तळाशी टाकून चालत नाही. साठीपुढची, हाडं ठिसूळ झालेली बाई, किरकोळ पडल्यावर किंवा न पडताच सुरू झालेलं तीव्र दुखणं: त्रिकास्थीला तडा असू शकतो. अशा वेळी पालथं झोपवून सेक्रमवर (त्रिकास्थीवर) जोर देणं म्हणजे तडा वाढवण्याची तयारी. कर्करोगाचा इतिहास, लघवी अडकणं, गुदद्वाराभोवती बधिरपणा, दोन्ही पायांत अशक्तपणा आढळला तर तपासणीचं टेबल सोडा आणि तातडीने पुढे पाठवा.

वय ४५ च्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं, पहाटे जाग आणणारं, सकाळी अर्धा तासाहून जास्त आखडलेपण देणारं, आरामाने वाढून हालचालीने कमी होणारं, आज उजव्या तर उद्या डाव्या कुल्ल्यात जाणारं दुखणं हा आणखी निराळा प्रकार. खालच्या तपासण्या त्यात पॉझिटिव्ह येऊ शकतात, पण सांधा सुजेने दुखतोय की ताणाने, हे त्या सांगू शकत नाहीत. अशा रुग्णाला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाततज्ज्ञाकडे) पाठवा. एमआरआय आणि एचएलए-बी२७ या रक्ततपासणीचा निर्णय तिथे होईल.

आधी मणका, मग खुबा, शेवटी एसआय

हा क्रम उलटा केला तर उत्तर चुकतं. खालच्या डिस्कचं दुखणंही एसआयच्या तपासण्यांनी जागं होतं, कारण ओटीपोटाच्या हाडांवर दाब दिला की कमरेचा मणका थोडाफार हलतोच.

मणक्यासाठी पाय सरळ उचलून पाहा, रिफ्लेक्स, ताकद आणि संवेदना बघा. मग वारंवार हालचाली करवून घ्या. उभ्याने दहा वेळा पुढे वाकणं, पालथं झोपून हातांवर भार देत दहा वेळा छाती उचलणं, गरज वाटली तर असे दोन-तीन फेरे. प्रत्येक फेऱ्याआधी आणि नंतर दुखणं कुठपर्यंत पोचतंय ते विचारा. मांडीतलं दुखणं वर सरकत कमरेत गोळा झालं आणि तिथेच राहिलं, तर दुखणं डिस्कचं असण्याची शक्यता बळावते. तिथे एसआयच्या तपासण्या पॉझिटिव्ह आल्या तरी त्यांना फार किंमत देऊ नका. २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात असे रुग्ण बाजूला काढल्यावर एसआयच्या तपासण्यांची विशिष्टता, म्हणजे हे दुखणं नसलेल्यांपैकी किती जण निगेटिव्ह येतात ते प्रमाण, ७८ वरून ८७ टक्क्यांवर गेली. दहा मिनिटांच्या वाका-उठाने एवढं पदरात पडत असेल तर ते सोडू नये.

खुब्याच्या खऱ्या सांध्यासाठी उताण्या रुग्णाचा खुबा आणि गुडघा ९० अंशांत वाकवून पावलाला बाहेर न्या, म्हणजे मांडी आत फिरते. जांघेत कळ आली किंवा दुसऱ्या बाजूपेक्षा फिरणं फार कमी असेल तर आधी खुब्याचा एक्स-रे.

टेबल आणि तयारी

टेबल कडक हवं. मऊ गादीत तुमचा अर्धा जोर गादीच पिते आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येते. उंची तुमच्या मांडीच्या मध्यापर्यंत असावी, म्हणजे कोपरं सरळ ठेवून अंगाचा भार देता येतो. छातीएवढ्या उंच टेबलावर फक्त हातांची ताकद लागते आणि तिसऱ्या रुग्णापर्यंत ती संपते. रुग्णाचा पट्टा, परकराची नाडी सैल करा, खिशातला मोबाइल आणि किल्ल्या बाहेर काढा. या सगळ्या तपासण्या ओटीपोट आणि कुल्ल्याच्या आसपासच्या, म्हणून प्रत्येक वेळी आधी सांगा की हात कुठे ठेवणार आणि का. परवानगी घ्या, आणि स्त्री रुग्णासोबत नर्स किंवा घरची बाई खोलीत असू द्या. आखडून पडलेला रुग्ण ग्लुटियस आवळतो आणि सांध्यापर्यंत काहीच पोचत नाही.

जोर किती द्यायचा हा नेहमीचा प्रश्न. हाताला अंदाज यावा म्हणून वजनकाट्यावर तळहाताची टाच ठेवून १०, २०, ३० किलोपर्यंत दाबून पाहा. तीस किलो वाटतो त्यापेक्षा पुष्कळ असतो. रुग्णावर मात्र कमीपासून सुरू करून पायरीपायरीने वाढवत जा, आणि नेहमीचं दुखणं आलं की तिथेच थांबा. ‘निगेटिव्ह’ लिहायच्या आधी पुरेसा जोर दिला होता का, हे स्वतःला विचारा.

सुरुवातीचा आकडा नोंदवा: आत्ता, पडून असताना, दुखणं दहापैकी किती? हा आकडा नसेल तर ‘वाढलं’ याला अर्थ राहत नाही.

चार मुख्य तपासण्या

पहिली डिस्ट्रॅक्शन. रुग्ण उताणा, गुडघ्यांखाली छोटी उशी, म्हणजे कंबर सैल राहते. पुढच्या बाजूला नाडी बांधतो तिथे दोन्हीकडे लागणारी हाडाची टोकं, एएसआयएस, शोधा. त्यांवर टॉवेलची घडी ठेवा, नाहीतर हाडावर चिमटणारी कातडीच दुखेल आणि उत्तर गढूळ होईल. हातांची कैची करून प्रत्येक तळव्याची टाच समोरच्या एएसआयएसच्या आतल्या कडेला टेकवा. कोपरं सरळ ठेवून टेबलाच्या दिशेने आणि किंचित बाहेर असा दाब द्या. एकदम झटका नको. हळूहळू वाढवा आणि वीस-तीस सेकंद धरून ठेवा, कारण काहींना दुखणं उशिरा येतं. समोर हाताखाली दुखलं तर मोजायचं नाही. मागे, खळीखाली दुखलं तर मोजा. दोन्ही सांध्यांवर एकदम ताण येतो, म्हणून ‘कुठल्या बाजूला?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. चौघींत खोटे पॉझिटिव्ह सर्वांत कमी देणारी ही: विशिष्टता ८१ टक्के.

दुसरी थाय थ्रस्ट, आणि हीच करताना हात सर्वांत जास्त चुकतात. रुग्ण उताणा. दुखऱ्या बाजूच्या समोर, म्हणजे उजवं तपासायचं तर डाव्या बाजूला उभे राहा. उजवा खुबा ९० अंशांत वाकवून, गुडघा स्वतःकडे ओढत रुग्णाला किंचित आपल्याकडे वळवा. त्या फटीतून एक तळवा सेक्रमखाली सरकवा आणि रुग्णाला परत पाठीवर येऊ द्या. आता सेक्रम तुमच्या तळव्यावर टेकलंय आणि उजवं कटीचं हाड मोकळं आहे. तळवा जास्त पुढे गेला तर कटीचं हाडही आधाराला येतं आणि तपासणी निकामी होते. दुसरा हात आणि छाती गुडघ्यावर घेऊन मांडीच्या हाडाच्या रेषेत सरळ टेबलाकडे दाब द्या. आधी स्थिर दाब. त्याने काही झालं नाही तर तीन ते सहा छोटे, ठाम धक्के.

मांडी शरीराच्या मध्यरेषेपलीकडे फार नेऊ नका. तसं केलं की खुब्याचा सांधा पुढे चिमटतो, जांघ दुखते आणि तुम्ही तेच एसआयचं समजून बसता. गुडघा खराब असेल तर नडगीवर नको, मांडीच्या टोकाला हात ठेवा. खुबा बदललेल्या रुग्णात ही तपासणी टाळा. संवेदनशीलतेत, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी किती जण पॉझिटिव्ह येतात त्यात, ही सर्वांत पुढे, ८८ टक्के, पण विशिष्टता ६९. म्हणजे खरा रुग्ण सहसा हातून सुटत नाही, काही खोटे मात्र सोबत येतात.

तिसरी कॉम्प्रेशन. दुखरी बाजू वर ठेवून रुग्ण कुशीवर. खुबे ४५ अंशांत, गुडघे ९० अंशांत वाकलेले, गुडघ्यांमध्ये उशी. मागे उभं राहून दोन्ही तळवे एकावर एक ठेवून वरच्या कटीच्या हाडाच्या कडेवर, सर्वांत उंच भागाच्या जरा पुढे, सरळ जमिनीकडे दाबा. रुग्ण पुढे-मागे कलंडला तर तिरका दाब कमरेला जातो, म्हणून दाबण्याआधी दोन्ही एएसआयएस एकावर एक आहेत का ते पाहा. खालच्या खुब्यावर दुखलं तर ते टेबलाचं दुखणं. संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही ६९.

चौथी सेक्रल थ्रस्ट. रुग्ण पालथा. दोन्ही पीएसआयएसमधली रेषा मनात ओढा. तळव्याची टाच त्या रेषेत, सेक्रमच्या मध्यावर. वर गेलात तर पाचव्या मणक्यावर दाब पडतो, आणि तो दुखला की सगळं बिनसलं. म्हणून दाबाआधी बोटाने सेक्रमचा वरचा काठ चाचपून घ्या. कोपरं सरळ, दाब टेबलाकडे, मग तीन ते सहा धक्के. संवेदनशीलता ६३, विशिष्टता ७५. पालथं पडल्यानेच दुखणं वाढत असेल तर आधी पोटाखाली पातळ उशी देऊन पाहा. नुसत्या पडण्याने वाढलेलं दुखणं धक्क्याच्या नावावर लिहू नये.

डिस्ट्रॅक्शन आणि थाय थ्रस्ट आधी करा. दोन्हींनी नेहमीचं दुखणं दिलं तर पुढे दाबादाबी करून रुग्णाला छळायचं कारण नाही. एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह असेल तर कॉम्प्रेशन, तरीही एकच राहिली तर सेक्रल थ्रस्ट. दोन पॉझिटिव्ह झाल्या की थांबा. चारपैकी दोन या निकषाची संवेदनशीलता ८८ आणि विशिष्टता ७८ टक्के निघाली होती.

गेन्सलेन आणि फेबर

दोन्ही जुन्या आणि परीक्षेत हमखास विचारल्या जाणाऱ्या. गेन्सलेन टेस्ट मिलवॉकीच्या अस्थिरोगतज्ज्ञ फ्रेडरिक गेन्सलेन यांनी १९२७ मध्ये मांडली. रुग्ण टेबलाच्या कडेला उताणा, कडेचा पाय खाली लोंबता, दुसरा गुडघा छातीशी. तुम्ही दोन्हीकडे एकदम दाब देता, एक मांडी खाली आणि दुसरी छातीकडे, म्हणजे दोन्ही कटीची हाडं उलट दिशांना पिळली जातात. मग बाजू बदला. पुढची मांडी नुसती ओढली गेली तर तो स्नायूचा ताण, पॉझिटिव्ह नव्हे. मांडीच्या पुढून झिणझिण्या आल्या तर फेमोरल नर्व्हचा, म्हणजे मांडीच्या पुढच्या नसेचा, विचार करा. कडेला झोपवलेला रुग्ण पडणार नाही याची काळजी घ्या, विशेषतः अरुंद टेबलावर.

फेबर, म्हणजे पॅट्रिक टेस्ट, शिकागोचे न्यूरॉलॉजिस्ट ह्यू पॅट्रिक यांची, १९१७ ची आणि मुळात खुब्यासाठीची. पावलाचा घोटा विरुद्ध गुडघ्याच्या वर ठेवून पायाचा चारचा आकडा, दुसऱ्या बाजूचं एएसआयएस दाबून धरायचं आणि वाकलेला गुडघा खाली न्यायचा. जांघेत दुखलं तर खुबा, मागे खळीखाली दुखलं तर एसआय. समोरचं एएसआयएस धरलं नाही तर पूर्ण कंबरच फिरते आणि काहीच कळत नाही.

ज्या मालिकेत वरच्या चार आणि दोन्ही बाजूंची गेन्सलेन अशा सहा तपासण्या होत्या, तिथे सहापैकी तीन किंवा अधिक पॉझिटिव्ह हा निकष निघाला. पाचांच्या दुसऱ्या मालिकेत सेक्रल थ्रस्टऐवजी फेबर होती आणि निकष पाचपैकी तीन होता. दोन मालिका एकमेकींत मिसळून ‘आठपैकी तीन’ असा घरगुती निकष बनवू नका. तपासण्या वाढवल्या की योगायोगाने तीन पॉझिटिव्ह येणं सोपं होतं.

तीन पॉझिटिव्ह आल्या म्हणजे नक्की किती खात्री?

सहापैकी तीनच्या निकषाची संवेदनशीलता ९४ आणि विशिष्टता ७८ टक्के, असं २००५ च्या अभ्यासात दिसलं. ऐकायला भरभक्कम. आता शंभर रुग्ण घ्या, त्यांपैकी २५ जणांचं दुखणं खरंच या सांध्याचं. त्या पंचविसांत २३-२४ जण पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ७५ जणांत २२ टक्के, म्हणजे १६-१७ जण उगाच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ४०, खरे जेमतेम २४. साठ टक्क्यांच्या आसपास. इंजेक्शनचा विचार करायला एवढं ठीक, शस्त्रक्रियेचं बोलायला मुळीच नाही.

निगेटिव्ह बाजू बघा. उरलेल्या ६० जणांत खरे रुग्ण एक-दोन. म्हणजे सगळ्या तपासण्या नीट, पुरेशा जोराने करून नेहमीचं दुखणं कुठेच जागं झालं नाही, तर एसआय जॉइंट यादीतून काढायला हरकत नाही. आमच्या मते या तपासण्यांचा खरा उपयोग हाच आहे, आणि पुष्कळ दवाखान्यांत तो उलटा केला जातो: एक फेबर पॉझिटिव्ह आली की लगेच ‘एसआय जॉइंट’ असा शिक्का. २०२१ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून झालेल्या आढाव्यात तर आकडे आणखी उतरले, पॉझिटिव्ह आल्यावरची खात्री ३५ टक्क्यांच्या आसपास आली. तेव्हा पॉझिटिव्ह उत्तर बेताने वापरा.

गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका

इथे दुखणं बहुधा ओटीपोटाच्या पूर्ण कड्याचं असतं, म्हणून तपासणीही बदलते. पालथं झोपवायचं नाही, आणि पाचव्या महिन्यापुढे फार वेळ उताणंही नाही. उजव्या कुल्ल्याखाली उशी देऊन अंग थोडं डावीकडे कलतं ठेवा. चक्कर, मळमळ वाटली की लगेच डाव्या कुशीवर. थाय थ्रस्टचीच सौम्य आवृत्ती, पी-फोर टेस्ट, इथे वापरतात: सेक्रमखाली हात नाही, एक हात विरुद्ध एएसआयएसवर, दुसऱ्याने वाकलेल्या गुडघ्यावरून मांडीच्या रेषेत हलका, स्थिर दाब. धक्के नाहीत.

सोबत पाय सरळ उचलण्याची सक्रिय चाचणी करा. दोन्ही पावलं वीस सेंटिमीटर अंतरावर, गुडघा न वाकवता एक पाय वीस सेंटिमीटर उचलायचा. किती जड गेलं ते रुग्णच ठरवते: अजिबात नाही म्हणजे ०, उचलताच येत नाही म्हणजे ५. दोन्ही पायांची बेरीज ० ते १०. मग दोन्ही हातांनी ओटीपोट बाजूंनी दाबून धरा आणि पुन्हा उचलायला सांगा. पाय एकदम हलका झाला तर पट्टा उपयोगी पडण्याची आशा धरता येते. तो पट्टा कमरेवर नाही, मांडीच्या बाहेरच्या हाडाच्या जरा वर, एएसआयएसच्या खाली बांधायचा. ओल्या बाळंतिणीला पोट बांधतात त्या जागी बांधला तर या दुखण्याला त्याचा उपयोग नाही.

नोंद आणि पुढचं पाऊल

‘एसआय टेस्ट पॉझिटिव्ह’ ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. डिस्ट्रॅक्शन आणि कॉम्प्रेशन ही नावं तर अनेक जण उलटी वापरतात, म्हणून स्थिती लिहा. नमुना असा: ‘सुरुवातीला ३/१०. उताणं, दोन्ही एएसआयएसवर दाब, ३० सेकंद: उजव्या खळीखाली नेहमीचं दुखणं, ६/१०. थाय थ्रस्ट उजवा: स्थिर दाबाला नाही, तिसऱ्या धक्क्याला नेहमीचं, ७/१०, सोडल्यावर मिनिटभरात ३. डावा: काही नाही. वारंवार वाकण्याने जागा बदलली नाही. खुब्याचं आत फिरणं दोन्हीकडे सारखं.’ पुढचा डॉक्टर एवढ्यावरून पुन्हा न दाबताही पुढे जाऊ शकतो.

पक्कं करायचं तर सी-आर्मखाली (पडद्यावर चालतं चित्र दाखवणाऱ्या एक्स-रे यंत्राखाली) सांध्यात बधिर करणारं औषध सोडतात. सांध्यात जागा जेमतेम एक ते अडीच मिलिलिटरची, त्यामुळे जास्त औषध भरलं तर ते बाहेर झिरपून शेजारच्या नसाही बधिर होतात आणि उत्तर बिघडतं. आंधळेपणाने, नुसतं चाचपून दिलेलं इंजेक्शन बहुतेक वेळा सांध्यात पोचतच नाही, त्यामुळे ‘इंजेक्शनने फरक पडला नाही’ या जुन्या नोंदीवर विसंबू नका. ते कसं दिलं होतं ते विचारा. दुखणं ७५-८० टक्के उतरलं तर सांधा दोषी धरतात, काही ठिकाणी ५० टक्क्यांवरही भागवतात, आणि शंका असेल तर दुसऱ्या एखाद्या दिवशी वेगळ्या अवधीच्या औषधाने पुन्हा.

इंजेक्शननंतर रुग्णाला घरी पाठवून ‘कसं वाटतं ते उद्या फोनवर सांगा’ असं करू नका. औषधाचा अंमल काही तासांचा असतो. अर्ध्या-पाऊण तासाने, पाय नीट चालतोय याची खात्री करून, आधी पॉझिटिव्ह आलेल्याच तपासण्या तितक्याच जोराने परत करा आणि त्याच कागदावर नवे आकडे लिहा. सातचा एक झाला तर उत्तर मिळालं. सातचा सहाच राहिला, तर सांध्यामागचे स्नायुबंध, खालची डिस्क आणि खुबा या तिघांकडे पुन्हा वळा. मागचे स्नायुबंध सांध्याच्या बाहेर असतात, आत सोडलेलं औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही.